चाकाखालचा ठोकळा

तीस वर्षे मी अमरावतीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्या तीस वर्षांत प्रश्नपत्रिकांखेरीज काहीही लिहिले नाही. माझे पहिले पुस्तक वयाच्या एकसष्टाव्या वर्षी छापून आले. अकोल्यात रोडरोलर बनवणाऱ्या एका कारखान्याचा तो पन्नास वर्षांचा इतिहास आहे. मुखपृष्ठावर माझे नाव आहे. घरात कोणी आले तर दिसेल अशा जागी मी ते पुस्तक ठेवत नाही.

काम एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने आले. नकार देण्यासाठी जेवढे धैर्य लागते तेवढे माझ्यापाशी कधीच नव्हते, म्हणून मी होकार दिला. मग दर गुरुवारी सकाळच्या एस.टी.ने मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला जायचे आणि संध्याकाळी परतायचे, असे वर्षभर चालले. कारखान्याच्या कचेरीत मला खिडकीजवळ एक टेबल मिळाले होते. बाहेर पिवळ्या रंगाचे रोलर ओळीने उभे असत आणि पत्र्यावर पडणाऱ्या हातोड्यांचा आवाज दुपारपर्यंत थांबत नसे.

इतिहास तसा सरळ होता. संस्थापक मूळचे जिनिंगच्या यंत्रांची दुरुस्ती करणारे. कापसाचा हंगाम संपला की त्यांचे वर्कशॉप ओस पडे. त्या रिकाम्या महिन्यांत रस्ते खात्याचे नादुरुस्त रोलर त्यांच्याकडे येऊ लागले. दुसऱ्यांचे रोलर उघडून जोडता जोडता त्यांनी स्वतःचा एक बनवला. त्याचा पुढचा ड्रम किंचित वाकडा निघाला आणि ज्या रस्त्यावर तो फिरला त्या रस्त्यावर लाटा उठल्या. ही गोष्ट कारखान्यातला प्रत्येक जुना माणूस मला हसत हसत, आणि प्रत्येक जण स्वतः तिथे हजर असल्यासारखा सांगत असे.

तिसऱ्या की चौथ्या महिन्यात मला छायाचित्रांचे आल्बम मिळाले. रोलर गिऱ्हाइकाच्या स्वाधीन करताना त्याची पूजा होई आणि ड्रमखाली लिंबू ठेवले जाई. मग चालक रोलर पुढे घेई, लिंबू चिरडले जाई आणि टाळ्या वाजत. प्रत्येक छायाचित्रात लिंबू ठेवणारा माणूस एकच होता: खाकी कपड्यांतला, उंच, कानाशी केस पिकलेला फोरमन. पहिल्या वाकड्या ड्रमपासून तो कारखान्यात होता. आल्बम अर्ध्यावर आला आणि तो माणूस दिसेनासा झाला. त्याच्यामागोमाग लिंबूही. पुढच्या साऱ्या छायाचित्रांत नुसते हार आणि नारळ.

मी कचेरीत विचारले. कारकुनाने प्रथा बदलतात असे सांगितले आणि तो चहा सांगायला उठून गेला. जेवणाच्या सुट्टीत मी एका म्हाताऱ्या वेल्डरला विचारले. त्याने डबा अर्धा ठेवून झाकण लावले.

पाडव्याचा मुहूर्त होता, असे तो म्हणाला. रोलर त्याच दिवशी द्यायचा होता. हातब्रेकची खिट्टी मात्र यायची राहिली होती. ती दुसऱ्या दिवशी बसवू, असे ठरले. आवाराला फाटकाकडे उतार आहे, म्हणून फोरमनने स्वतः ड्रमखाली लाकडी ठोकळा लावला होता. फोटोवाला आला. हार, कुंकू, नवा पिवळा रंग आणि त्यात ते मळके लाकूड. ते फोटोत बरे दिसत नाही, काढा, असे संस्थापक म्हणाले. कोणीतरी ते ओढून बाजूला टाकले. इंजिन बंद होते, पण वाजंत्रीच्या आवाजात ते कोणाच्या ध्यानात नव्हते. फोरमन लिंबू ठेवायला वाकला, फोटो निघाला आणि रोलर सरकू लागला.

एवढे हळू चालणारे यंत्र, माणसाला बाजूला होता आले नसते का, असे मी विचारले. आयुष्यात विचारलेल्या प्रश्नांपैकी या प्रश्नाची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

“हात आदी गेला त्याचा,” वेल्डर म्हणाला. “अन् हळूच आला, मॅडम. आमाले वाटलं, डायवरनंच घेतला पुढं. आमी टाळ्या वाजवून राहिलो होतो.”

फोरमनची मुलगी बार्शीटाकळीला राहते, अंगणवाडीत काम करते. वेल्डरने दिलेल्या पत्त्यावर मी एका गुरुवारी गेले. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, केस नीट विंचरलेली, मोजके बोलणारी बाई. तिने मला पाट दिला, पाणी दिले आणि मी कशाकरता आले ते शांतपणे ऐकले. वडील दारू पिऊन रोलरखाली गेले, असे त्या वेळी कारखान्यातून सांगण्यात आले होते. तिच्या सासरी आजही तसेच बोलतात. घरच्या लग्नाकार्यात कोणी जास्त प्यायला तर हिच्या बापाचे उदाहरण निघते. वडिलांनी कधी थेंब घेतला नव्हता. ठोकळा काढला होता हे तिला वेल्डरने सांगितले होते, पण वेल्डरच्या शब्दाला कोण विचारतो.

मी निघाले तेव्हा ती दारापर्यंत आली. “पुस्तकात लिवसान ना, मॅडम? छापलं म्हंजे लोकं मानतेत.”

लिहीन, असे मी म्हणाले.

आणि लिहिलेही. दीड पान, विशेषण एकही नाही. सोबत ते शेवटचे छायाचित्र निवडले. त्यात फोरमन वाकलेला आहे, लिंबू त्याच्या बोटांत आहे आणि ड्रमपासून हातभर अंतरावर तो ठोकळा पडलेला आहे.

संस्थापकांचे चिरंजीव आता कारखाना पाहतात. त्यांनी दीड पान माझ्यासमोर बसून वाचले, दोनदा वाचले. मी संतापाची तयारी ठेवली होती. ते संतापले असते तर कदाचित मी टिकले असते. ते म्हणाले, “मॅडम, यात खोटं काहीच नाही. पण बाबा नव्वदीत आहेत. हे पुस्तक मी त्यांच्या हातात देणार आहे.” मग त्यांनी पाने उलटी करून टेबलावर ठेवली, माझ्या बाजूला सरकवली आणि निर्णय माझ्यावर सोपवला.

मी ती पाने पिशवीत घातली. परतीच्या बसमध्ये त्या नव्वदीतल्या माणसाची मला दया येते आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. बार्शीटाकळीला मी काही कळवले नाही.

पुस्तक छापायला गेल्यावर छापखान्यातून फोन आला. चाळीसाव्या पानावर एक फोटो आहे, त्याच्याखाली मजकूर नाही, काय टाकू? मी स्वयंपाकघरात होते, कुकरची शिट्टी होत होती. कोणता फोटो ते मला लगेच कळले. तो काढून टाका, एवढेच म्हणायचे होते. मी म्हणाले, “यंत्र रवाना करण्यापूर्वीची पूजा, असे टाका.”

प्रकाशनानंतर पंधरा दिवसांनी फोरमनची मुलगी अमरावतीला माझ्या दाराशी आली. पुस्तक वेल्डरने दिले होते. तिने बसायला नकार दिला. चाळीसावे पान उघडून तिने ठोकळ्यावर बोट ठेवले.

“हे लाकूड तुमाले दिसलं होतं ना?”

“दिसलं होतं.”

ती रागावली नाही, रडलीही नाही. पुस्तक माझ्या हातात देऊन ती पायऱ्या उतरली. तिने घरात ठेवावे असे त्यात काही नव्हते.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी हे लिहायला घेतले आणि धीर करून तिला फोन केला. या वेळी मालक कोणी नाही, तुमच्या वडिलांचे नाव लिहू का, असे विचारले. पलीकडे अंगणवाडीतल्या मुलांचा गलका चालला होता.

“आता नाव नोका टाकू,” ती म्हणाली. “सासरचे मंग पुन्हा तेच काढतीन. लाकडाचं तेवढं लिवा.”

बाभळीचा ठोकळा आहे तो. वीतभर रुंद, एका बाजूने तासलेला. वरच्या अंगाला ड्रम टेकून टेकून पडलेली एक गुळगुळीत खोबण छायाचित्रातही स्पष्ट दिसते. खोबणीच्या कडेला त्या नव्या रोलरचा थोडा ताजा पिवळा रंग लागलेला आहे.