बिनआवाजाचा तास

फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गात खुर्चीवर चढून डिजिटल फळ्याची निसटलेली वायर खोचत होते. अनघाच्या लेकीचं, मुग्धाचं नाव दिसलं आणि काय ते समजलंच, कारण शाळेच्या वेळेत ती कधी फोन करत नाही. “मावशी, आई गेली,” एवढंच म्हणाली. मी “बरं” म्हणाले. अशा वेळी कुणी “बरं” म्हणतं का? पण तोंडातून तेच गेलं. खुर्चीवरून उतरले, पोरांना धडा वाचत बसायला सांगितलं आणि व्हरांड्यात जाऊन रडले. माझं रडणंही माझ्या बोलण्यासारखंच, चार वर्गांना ऐकू जाणारं. शेजारच्या वर्गातल्या मॅडम धावत आल्या. पोरं मात्र आत एकदम गप्प बसली होती. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी त्यांना कळलं होतं.

अनघाला जाऊन आता महिना होत आला. ती आमच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि मी मराठी. दोघी एकाच वर्षी लागलो. ती शहरातली, सिडकोत वाढलेली, वडील सरकारी कचेरीत, घरात सगळं मोजूनमापून बोलायची पद्धत. मी सोयगावची. आमच्याकडं हळू बोललेलं शेताच्या बांधापलीकडं पोचत नाही, म्हणून कुणी हळू बोलतच नाही. पहिल्या वर्षी ती माझं “व्हय” आणि “नाय” सुधारायला बघायची. मराठीची शिक्षिका मी आणि भाषा सुधारणार ही! मी काही सुधारले नाही. उलट दोनेक वर्षांत तीच “लई” म्हणायला लागली आणि तिच्या सासूबाईंनी मला बोल लावला. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी ती न विचारता उचलायची, आणि तिच्या डब्यातल्या फिक्या भाजीला मी नावं ठेवली की रुसायची. अशीच आमची सगळी वर्षं गेली.

आणि तिचा आवाज… तो ऐकायला हवा होता तुम्ही. माझा नुसता मोठा, तिचा मोठा आणि गोड. प्रार्थनेच्या वेळी माईक बंद पडला की हेडसर इकडंतिकडं न बघता अनघालाच हाक मारायचे. वर्गात ती बोलायला लागली की अख्खा तास बोलायची. मुलांना आवडायचं, कारण सांगायची फार सुरेख. एकदा सहल घेऊन आम्ही वेरूळला गेलो होतो. कैलास लेण्यासमोर तिनं पोरांना विचारलं, हे सगळं एकाच खडकातून कोरलंय, तर पहिला घाव कुठं घातला असेल? पोरं माना वर करून विचार करायला लागली, तेवढ्यात हिनंच सांगून टाकलं की वर, कळसाकडून! मी तिला म्हटलं, अगं बाई, प्रश्न तुझा आणि उत्तरही तुझंच, मग पोरांना इतक्या लांब कशाला आणलंस? ती हसली आणि पुन्हा तासभर बोलत राहिली.

पुढं तिचा घसा बसायला लागला. शिक्षकांचा घसा बसतोच. ज्येष्ठमध, हळदीचं दूध, मिठाच्या गुळण्या, सगळं झालं. मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, आणि जे नाव कुणी घरात घेत नाही तेच निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल म्हणाले. ऑपरेशनला दाखल व्हायच्या आदल्या दिवशी ती शाळेत आली, आपल्या वर्गावर गेली आणि फक्त हजेरी घेतली. एरवी नुसते नंबर पुकारायची. त्या दिवशी प्रत्येकाचं नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, सावकाश घेतलं. मी दाराशी उभी होते. मला तिच्या त्या आवाजातलं शेवटचं म्हणून तेच आठवतं… एकेक नाव, आणि “हजर मॅडम”.

ती परत येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. मानेला खाली एक छोटं छिद्र, श्वास तिथून, वरून सुती रुमाल. खडूची धूळ अजिबात चालणार नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. आणि ही बाई उन्हाळी सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी हजर! हेडसर भले गृहस्थ. त्यांनी ग्रंथालय सांभाळा म्हणून सुचवलं. तिनं मान हलवली. तिला तिचाच वर्ग हवा होता. आठवीपासून शिकवत आणलेली ती मुलं आता दहावीला होती. स्टाफरूममध्ये तिनं मोबाइलवर लिहून मला दाखवलं, “आवाज गेला ते सोसलं. शिकवणं गेलं तर मी कोण?” हेडसरांनी बऱ्याच विचारानंतर सांगितलं, दिवाळीपर्यंत बघू.

म्हणजे तिच्या हातात होते ते दिवाळीपर्यंतचे दिवस. तेवढ्यात तिला दाखवून द्यायचं होतं की बिनआवाजाची शिक्षिकाही शिक्षिकाच असते.

आमच्या वर्गांत संस्थेनं डिजिटल फळे बसवले होते. तोवर त्यांच्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि झेंडावंदनाचे फोटो एवढंच लागायचं. खडू नको म्हटल्यावर अनघाला तो फळा आयताच उपयोगी पडला. पण सुरुवातीला तिनं काय केलं, तर मोबाइलवर एक ॲप घेतलं. आपण लिहायचं आणि ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. रोज घरी बसून अख्खा तास टाइप करून आणायची. फोनमधली ती बाई मराठी वाचायची खरी, पण रेल्वे स्टेशनवर गाडी उशिरा आहे असं सांगतात तशी. पोरांनी तिचं नाव ‘नव्या मॅडम’ ठेवलं. चार दिवस खुसखुसली, पाचव्या दिवसापासून पेंगायला लागली. मागच्या बाकावरचं एक पोरगं तर बाकावर डोकं ठेवून घोरलं. अनघाला हसू आलं, खांदे गदागदा हलले, आवाज नाही… आणि मग त्याच हसण्यात तिचे डोळे भरून आले. मी दारातून बघत होते, ते बघवलं नाही मला.

मग एके दिवशी तो फोन चार्जिंगला लावायचा राहिला. वर्गात गेल्यावर बंद पडला. नव्या मॅडम मुक्या, जुन्या मॅडमही मुक्या. फळ्यावर चित्र तेवढं होतं, पाण्याच्या ग्लासात वाकडी दिसणाऱ्या पेन्सिलीचं. अनघानं बोटानं त्याच्याखाली लिहिलं, “का?” आणि उभी राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. ती मला नंतर सांगत, म्हणजे लिहीत होती, की तो वेळ तिला खायला उठला होता. पण मग कुणीतरी बोललं. दुसऱ्यानं त्याला खोडलं. तिसरा भांडायला उठला. तास संपल्याची घंटा झाली तरी वर्ग भांडतच होता, आणि ही बाई मधल्या सुट्टीत माझी चटणी खायची विसरली, इतकी खुशीत होती.

त्यानंतर तिनं ते बोलणारं ॲप काढूनच टाकलं. फळ्यावर एखादं चित्र, एखादा छोटा व्हिडिओ, तोही ऐन मोक्याला थांबवलेला, आणि खाली तिचे ठरलेले दोन-तीन शब्द: का? कशावरून? अजून कुणाला वेगळं वाटतं? कुणी चुकीचं बोललं तरी ते वाक्य त्याच्या नावासकट फळ्यावर लिहायची आणि पुसायची नाही. मुलांनीच ते खोडून काढायचं. फळ्याचं ते यंत्र विकायला आलेला माणूस म्हणाला होता की आता मास्तरांना बोलायचं कामच उरणार नाही. खरं झालं म्हणायचं, पण त्याच्या मनात होतं तसं नाही. यंत्र बोलायला लागलं की पोरं झोपतात आणि गप्प राहिलं की बोलतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पण घराघरांत वेगळंच पोचलं. दसऱ्याच्या आसपास काही पालक हेडसरांकडं आले. पुढं होते ते तिच्या वर्गातल्या प्रतीक्षाचे वडील. करमाडहून शेंद्र्याच्या कंपनीत जायचे आणि पोरीला शिकण्यासाठी शहरात मावशीकडं ठेवलेलं. माणूस वाईट नव्हता, काळजीतला होता. म्हणाले, मॅडमबद्दल आम्हाला आदर आहे, पण दहावीच्या पोरांना शिकवणारीच बोलत नसेल तर पोरांनी करायचं काय? अनघा तिथंच बसली होती. माझं रक्त उसळलं. मी उठले आणि बोलले, चांगलं दहा मिनिटं बोलले, ऑफिसच्या काचा हलतील असं. मला अजूनही वाटतं, मी बोलले ते सगळं बरोबर होतं.

अनघा मात्र स्टाफरूममध्ये आली ती फणफणत. मोबाइलवर मोठ्या अक्षरांत लिहून माझ्या नाकासमोर धरलं, “तू माझा आवाज होऊ नकोस, शोभा. लई मोठा आहे, मला बसत नाही.” मी चिडले. तीही चिडलेली. मग तिनं खाली आणखी लिहिलं, “त्यांना म्हणावं, वर्गात येऊन बसा.”

आले की पालक! शनिवारी सकाळी मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसले. हेडसर खिडकीशी, मी दाराशी. टेबलावर एक स्टीलचं पातेलं, त्यात एक नाणं. अनघानं स्टँडवर मोबाइल असा तिरका लावला होता की त्याला पातेल्याची कड दिसावी, नाणं दिसू नये. मोबाइलला दिसेल ते सगळं फळ्यावर मोठं दिसत होतं. पूर्वी हा प्रयोग पहिल्या बाकालाच दिसायचा, बाकीचे माना उंच करून थकायचे. तिनं पातेल्यात हळूहळू पाणी ओतलं. कडेआडचं नाणं फळ्यावर वर आलं, अख्खं दिसायला लागलं. तिनं लिहिलं, “का?”

आणि शांतता. पालक चुळबुळले. हेडसरांनी घसा खाकरला, ते आता मदतीला बोलणार, तेवढ्यात अनघानं नुसता हात वर करून त्यांना थांबवलं. मला तर उत्तर सांगावंसं वाटून जीभ चावावी लागली. शेवटी अयान नावाचं पोरगं म्हणालं, पाण्यानं नाणं तरंगलं. मागं कुणीतरी हसलं. अनघानं लिहिलं, “अयान: नाणं तरंगलं. कशावरून?” एक मुलगी म्हणाली, तळाला चिकटवून बघू. कशानं? अयाननंच तोंडातलं च्युइंगम काढून दिलं. मागं बसलेल्या त्याच्या आईनं कपाळावर हात मारला. पाणी काढून नाणं चिकटवलं, परत पाणी ओतलं, नाणं पुन्हा दिसलं. म्हणजे नाणं जागचं हललंच नव्हतं. मग हललं काय? वर्ग पेटला. नाण्याकडून येणारा उजेडच पाण्यातून बाहेर पडताना वाकतो, इथपर्यंत पोरं आपली आपण आली. अनघानं फक्त अयानचं वाक्य त्याच्याकडूनच खोडून घेतलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. प्रतीक्षाचे वडील. शाळेतल्या पोरासारखे उभे राहिले. “मॅडम, एक विचारू? विहिरीचा तळ वर दिसतो, तो याच्यामुळंच व्हय? लहानपणी उथळ समजून मी उडी मारली होती. मरता मरता वाचलो.”

अनघानं त्यांच्याकडं बघितलं, मग मुलांकडं वळून “का?”वर बोट ठेवलं. उत्तर प्रतीक्षानंच दिलं. उठून फळ्याशी गेली, विहीर काढली, वाकलेला उजेड काढला आणि बापाला समजावून सांगितलं की तळ असतो तिथंच असतो, आपल्याला तो वर भासतो. बाप ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मला हे कुणी सांगितलंच नाही गं.” आणि खाली बसला. तक्रारीचं त्यानंतर कुणी बोललं नाही. हेडसरांनी दिवाळीचं नाव काढलं नाही. दहावीचा वर्ग शेवटपर्यंत तिचाच राहिला, आणि निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन आली. निकालासाठी ती शिकवत नव्हती असल्या मोठ्या गोष्टी मी सांगणार नाही, तिला निकाल हवाच होता.

पुढं दुखणं उलटलं. या वेळी ते ऐकेना…

गेल्या रविवारी मुग्धा आली. ती पुण्यात नोकरीला, आईच्या त्या वर्षी तिला फारसं येता आलं नव्हतं. म्हणाली, घरी आईच्या जुन्या आवाजाचे व्हिडिओ आहेत, ते मला ऐकवत नाहीत, ती नंतर वर्गात कशी असायची ते दाखव. तासाला न आलेल्या मुलांसाठी अनघानं काही तास मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवले होते. मी तिला शाळेत नेलं, त्याच वर्गात, त्याच फळ्यावर लावलं. दिसत काय होतं, तर मुलांच्या पाठी, फळ्यावरचं चित्र, कडेला अनघाचा पदर. तिनं “का?” लिहिलं आणि सगळं शांत झालं. कुणी बोलेना. पंखा फिरत होता. मला वाटलं, एवढ्या लांबून आलेल्या लेकीला ही रिकामी फिल्म काय दाखवायची, म्हणून पुढं सरकवायला मी हात उचलला.

“नको मावशी,” मुग्धा म्हणाली. “ऐक ना.”

मी ऐकलं. पंख्याच्या आवाजाखाली एक बारीक घरघर येत होती, थांबून थांबून, शांत. रुमालाआडून चाललेला अनघाचा श्वास होता तो. पोरांना विचार करायला वेळ देत ती उभी होती. आम्ही दोघी बाकावर बसून राहिलो, आणि एकही पोर बोलू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.