कानवाल्या मिस्त्रींनी निवडलेली गाडी

रोज पहाटे साडेपाचला मिस्त्री उठायचे आणि तोंडही न धुता मुलीसाठी गाडी चालू करायला बाहेर यायचे. गाडी त्यांचीच, म्हातारी. चोक ओढायचा, चावी न लावता तीन किका मारायच्या, चौथी चावी लावून. इंजिनाने धरलं तरी हुरळून जायचं नाही. मूठ केसभर पिळून धरायची आणि चोक हळूहळू आत सोडायचा. चार मिनिटांनी गाडी एका लयीत आली की मुलगी निळा डबा घेऊन बाहेर यायची. डब्यात बर्फाच्या पिशव्या आणि रिकाम्या काचेच्या नळ्या. ती एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. घरोघरी जाऊन उपाशीपोटीचं रक्त घ्यायचं आणि नऊच्या आत लॅबला पोचवायचं, हे तिचं काम.

"झाली का राजी?" ती विचारायची.

"माझ्या हाताला होतेच," मिस्त्री म्हणायचे.

दारातून त्यांची बायको ऐकत असायची. "त्या गाडीची रोज चार मिनिटं समजूत काढतात. माझी पस्तीस वर्षांत एकदा काढली असेल तर शपथ!"

हे असं आणखी वर्षानुवर्षं चाललं असतं. पण मुलीची बदली झाली. तीन तासांवरच्या, डोंगरउतारावरच्या गावात लॅबने नवी शाखा काढली होती. पगार बरा होता, मात्र पहिले तीन महिने परीक्षेचे. साहेबांनी आधीच बजावलं होतं, "दोनदा उशीर झाला तर समजून घेऊ. तिसऱ्यांदा घरी."

म्हातारी गाडी तो चढ चढणार नव्हती. नवी घेण्याची ऐपत नव्हती. म्हणजे जुन्या बाजारातली एखादी घ्यायची, आणि तिथेच घरात दोन पक्ष पडले.

"इंजेक्शनवाली घेऊ या, बाबा. चोक नाही, पेट्रोल ती आपलं आपण मोजून घेते. तिथे थंडी असते. बटण दाबलं की चालू."

"आणि बंद पडली की? कार्ब्युरेटरची गाडी रुसली तर एक पेचकस आणि एक फुंकर, लागली रस्त्याला. इंजेक्शनची रुसली की पेशंटसारखी टेम्पोत झोपवून न्यायची. मग तो लॅपटॉपवाला येणार, वायर खुपसणार, आणि सांगणार की सेन्सर गेलाय. कुठला सेन्सर? ते त्यालाही ठाऊक नसतं."

"पण सकाळी चालूच झाली नाही तर काय करू?"

"मी आहे ना."

"तिथे कुठे आहात तुम्ही?"

यावर मिस्त्रींनी टीव्हीचा आवाज वाढवला. बायको म्हणाली, "वाढवा, वाढवा. शेजाऱ्यांना बातम्या फुकट मिळू देत."

मिस्त्रींचं इंजेक्शनच्या गाड्यांशी जुनं वैर होतं. पंधराव्या वर्षी ते गॅरेजात शिरले ते फडक्याने हात पुसायला, आणि पंचविशीत त्यांचं नाव कानवाले मिस्त्री पडलं. पेचकसाची मूठ कानाखालच्या हाडाला टेकवायची, टोक इंजिनावर ठेवायचं आणि डोळे मिटायचे. आत कुठला भाग कुरकुरतोय ते बोट ठेवून सांगायचे. चहा पिता पिता रस्त्यावरून गेलेल्या गाडीकडे न बघता "हिची साखळी सैल आहे" म्हणायचे, आणि ती खरंच सैल निघायची. मग या नव्या गाड्या आल्या. कानामागून आल्या आणि तिखट झाल्या. त्यांच्यात पिळायला स्क्रू नाही, फुंकून साफ करायला जेटचं भोक नाही. पहिल्यांदा एक गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा वेगाच्या काट्याजवळ बिघाडाचा पिवळा दिवा लुकलुकत होता. मिस्त्रींनी तासभर खटपट केली, आणि शेवटी त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवून गाडी परत दिली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक ती ढकलत घेऊन आलं. त्यानंतर त्यांनी कानाला खडा लावला.

गेल्या दोनेक वर्षांत त्यांची पद्धत मात्र बदलली होती. पेचकस खिशातच राहायचा. इंजिन चालू करून ते तळहात टाकीवर ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचे. गल्लीत बोलबाला झाला की मिस्त्रींना आता ऐकायचीसुद्धा गरज उरली नाही, नुसत्या हाताने कळतं. मिस्त्रींनाही ते पटलं होतं. स्तुती कोणाला पटत नाही?

रविवारी दुपारी बापलेक जुन्या गाड्यांच्या शेडमध्ये गेले. दुकानदार मिस्त्रींना ओळखून होता. त्याने दोन गाड्या पुढे ओढल्या. एक निळी, कार्ब्युरेटरची. एक राखाडी, तिच्यानंतर चार वर्षांनी निघालेली, इंजेक्शनची.

मिस्त्री निळीकडे गेले. सवयीने हात आधी इंजिनाला लागला. इंजिन कोमट होतं. त्यांनी हात काढून घेतला आणि काही बोलले नाहीत. किक मारली, पहिल्या झटक्यात चालू. टाकीवर तळहात ठेवून त्यांनी स्क्रू पाव फेरा सोडला आणि इंजिन अशा लयीत आलं की दुकानदारही मान डोलवायला लागला.

"हीच घ्यायची," मिस्त्री म्हणाले. "डोळे मिटून."

"दुसरी बघा तरी, बाबा."

"बघू या की. बघायला काय जातंय?"

दुकानदाराने राखाडी गाडीची चावी फिरवली. "इंजिन लगेच नाही हां चालू करायचं. आधी आतला पंप पेट्रोल भरून घेतो. दोन सेकंद गुणगुणतो, तेवढं थांबायचं."

मिस्त्रींनी वाकून कान टाकीला लावला. "फिरव पुन्हा."

दुकानदाराने चावी बंद करून पुन्हा फिरवली.

"पुन्हा."

तिसऱ्यांदाही आत सामसूम. मिस्त्री सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "पंप मेलाय हिचा! मढं विकतोस का रे?"

"अहो मिस्त्री, वाजतोय की चांगला!"

"मला शिकवतोस? तुझ्या वयाइतकी वर्षं इंजिनं ऐकतोय मी." ते मुलीकडे वळले. "तू सांग गं. आला आवाज?"

मुलीने दुकानदाराकडे पाहिलं, मग बापाकडे. तेवढ्यात मिस्त्रींना उत्तर कळून चुकलं.

"आला, बाबा," ती म्हणाली. "तिन्ही वेळा."

मिस्त्रींनी तळहात टाकीवर ठेवला आणि मानेने खूण केली. दुकानदाराने चावी फिरवली. हाताखाली बारीक थरथर उठली, मुठीत भुंगा धरावा तशी, आणि दोन सेकंदांत विरून गेली. टीव्हीचा आवाज, गिऱ्हाइकाला पुन्हा पुन्हा "काय म्हणालात?" विचारणं, खिशातच राहिलेला पेचकस, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकलं. हाताला विद्या चढली नव्हती. कान गेला होता, आणि हात बिचारा त्याची पाळी भरून काढत होता.

"बाहेर ट्रकचा आवाज आहे," दुकानदार हळूच म्हणाला. "चुकतं एखाद्या वेळी."

रस्त्यावर ट्रक नव्हता.

मिस्त्रींनी फडक्याने हात पुसले, स्वच्छच होते तरी. मग ते निळीजवळ गेले आणि इंजिनावर हात ठेवून म्हणाले, "आम्ही यायच्या आधी तापवून ठेवलीस ना ही, पहिल्या किकेला लागावी म्हणून?"

दुकानदार हसला. "आता तुमच्यापासून काय लपवायचं?"

"मला आल्या आल्या कळलं होतं." हे ते दुकानदारापेक्षा मुलीलाच सांगत होते. "बोललो नाही. मला हीच हवी होती ना. आता असं कर. दोन्ही गाड्या रात्रभर बाहेर उभ्या कर. सकाळी सहाला येतो. तोवर कुणी हात लावायचा नाही."

सकाळी तोंडातून वाफा निघत होत्या. दुकानदार कानटोपीत डोळे चोळत उभा होता. मिस्त्रींनी दोन्ही इंजिनं हात लावून पाहिली. बर्फासारखी गार. मग मुलीला म्हणाले, "आज तू चालू करायची. दोन्ही. मी तोंड उघडणार नाही." आणि त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

मुलीने निळीचा चोक ओढला, किक मारली. तीन, चार, पाच. सहाव्या किकेला इंजिनाने धरलं, तिने घाईने चोक आत ढकलला आणि ते विझलं. मिस्त्रींच्या पाठीमागे बोटं नुसती वळवळत होती. मूठ केसभर, अगं केसभर! पण त्यांनी ओठ दाबून धरले. बाराव्या किकेला पेट्रोलचा वास सुटला. मुलीला धाप लागली होती.

"दुसरी," मिस्त्री म्हणाले.

तिने राखाडीची चावी फिरवली, ओठांतल्या ओठांत दोन आकडे मोजले आणि बटण दाबलं. इंजिन चालू झालं. पिवळा दिवा लागला होता तो विझला. पहिल्यांदा जरा जोरात फिरून इंजिन आपलं आपणच लयीत आलं. कोणी समजूत काढली नाही.

मिस्त्रींनी गुडघ्यावर बसून बॅटरीची टोकं तपासली, टाकीचं झाकण उघडून वास घेतला, पेट्रोल शिळं नाही ना ते बघितलं. "ऐक. टाकी कधी तळाला जाऊ द्यायची नाही. पेट्रोल पंपाला गार ठेवतं. बॅटरी जपायची, ती गेली की ढकलूनही उपयोग नाही. आणि हा दिवा लागून राहिला तर त्यावर पट्टी चिकटवायची नाही."

"ती कोण चिकटवतं?"

"असतात एकेक दीडशहाणे."

ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "गाडी घेते, पण एका अटीवर. मी जायच्या आधी आपण कानाच्या डॉक्टरकडे जायचं."

"कशाला? तो पण वायर खुपसेल आणि म्हणेल, सेन्सर गेलाय."

"म्हणू दे. कुठला ते त्याला ठाऊक असेल."

डॉक्टरने यंत्र लिहून दिलं. ते महिनाभराने मिळणार होतं. मुलगी त्याआधीच गेली.

ती गेल्यावरच्या पहिल्या सोमवारी साडेपाचला मिस्त्री सवयीने बाहेर आले. म्हातारी गाडी ताडपत्रीखाली होती. ते तिच्या सीटवर टेकले. काही करायचं नव्हतं. सहाला पाच मिनिटं कमी असताना फोन आला.

"बाबा, इथे बोटं वाकत नाहीत इतकी थंडी आहे. फोन टाकीला लावते. ऐका."

त्यांनी फोन कानावर दाबला, मग दुसऱ्या कानावर. काही नाही. मग एकदम धडधड आली, ठोक्याला ठोका लागून.

"आला ऐकू?" मुलगी ओरडून विचारत होती.

"आला" म्हणणं सोपं होतं. मिस्त्रींनी घसा खाकरला.

"पंप नाही आला," ते म्हणाले. "इंजिन आलं. झकास आहे. आता फोन ठेव आणि नीघ, नळ्या खोळंबल्यात."