अर्धलीनं दिलेले बाबा

बाबा गोठ्यात घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि देवणीजवळच्या आमच्या गावात सगळ्यात आधी सोय लागली ती गाईची. अँब्युलन्स वेशीबाहेर पडायच्या आत शेजारच्या शिंपी चाचांनी दावं सोडून तिला आपल्या अंगणात बांधलंसुद्धा. गाय गाभण होती, बाबांचा जीव की प्राण. आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे ती अर्धलीनं दिली. म्हणजे सांभाळायचं त्यांनी, आणि जे निघेल ते निम्मं त्यांचं, निम्मं आमचं.

बाबांची सोय मात्र लागता लागेना. लातूरच्या दवाखान्यात ऑपरेशन छान झालं, टाके सुकले. डॉक्टर म्हणाले, "उठवा-बसवायला, संडासला धरून न्यायला दिवसभर माणूस हवं. माणूस दाखवा आणि सुट्टी घ्या." आई जाऊन बरीच वर्षं झालेली. मी लातूरलाच, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि आम्ही नवराबायको दिवसभर शाळेत. भाऊ पुण्यातून रोज वॉकरचे फोटो पाठवायचा. एकदा मी भडकून म्हटलं, "वॉकर काय बाबांना धरून नेणार आहे का रे?" तर त्यानं चाकं असलेल्या वॉकरचा फोटो पाठवला.

घरी माणूस पुरवणाऱ्या ब्युरोतल्या बाईंनी सांगितलं, "खेड्यात आमची माणसं टिकत नाहीत मॅडम. तिथं मोबाईलला रेंज नसते."

सुट्टी रोज उद्यावर जात राहिली. बाबा वॉर्डात चांगलेच मुरले. कोणत्या खाटेवर पंख्याचं वारं येतं, कोणत्या सिस्टरचा हात हलका, हे नवे पेशंट त्यांनाच विचारायचे. राउंडला डॉक्टर म्हणायचे, "आजोबा, अजून इथंच?"

"पोरगी माणूस हुडकून राहिली. तवर तुमच्याकडंच मुक्काम!"

सगळा वॉर्ड हसायचा. पण संध्याकाळी मी गेले की हळूच विचारायचे, "व्याली का गं?" गाय वेताना आपण जवळ असावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला रडू यायचं, आणि रडू आलं की मी ब्युरोला फोन करून भांडायचे.

एक दिवस चाची डबा घेऊन भेटायला आल्या.

"गाय लई मजेत हाय, भाऊ. आमचे हे मशीनवरून उठून तिची पाठ खाजवून देतात."

बाबा एकदम सरळ बसले. "मग मलाबी अर्धलीनं ठेव की!"

मी हसले. चाची हसल्या नाहीत. बाजारात जनावर बघावं तसं त्यांनी बाबांना वरून खालपर्यंत बघितलं.

"दात?"

"वरचे न्हाईत."

"वैरण?"

"भाकर अन् आमटी."

"लाथ मारता?"

"पाय मोडलाय. कशी मारू?"

"घेतले," चाची म्हणाल्या. "आमचे हे दिवसभर मशीनपाशीच असतात. धरायला माणूस हायच की."

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरांनी चाचींना विचारलं, "तुम्ही पेशंटच्या कोण?"

"निम्मी मालकीण," त्या म्हणाल्या.

चाचांच्या ओसरीत, गाईसमोरच बाबांची खाट पडली. चाचा शिलाई अर्धी टाकून त्यांना उठवायचे, धरून चालवायचे. पुढच्याच आठवड्यात गाय व्याली. बाबा खाटेवरून इतक्या सूचना देत होते की चाचांनी शेवटी तिलाच विचारलं, "ऐकून राहिलीस का?"

बाबा काठी टेकत चालायला लागल्यावर मी त्यांना गावातल्या आमच्याच घरी न्यायला गेले. घर असं किती दूर, मधे एक भिंत. पिशवी भरली, तर चाची दारात आडव्या उभ्या.

"कुठं नेता? निम्मे आमचे हायेत. झोपायला न्या. जेवायला इकडंच."

माझे डोळेच भरून आले. बाबा तरी काही म्हणतील म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खाटेवर बसले आणि विचारलं, "आज आमटी कशाची हाय?"

विचारलं ते चाचींना.