मामांची टाळी आणि दौंडची गाडी

कुठल्याही खोलीत शिरले की मामा आधी एक टाळी वाजवायचे. मग मान डावीकडे कलती करून क्षणभर गप्प राहायचे आणि म्हणायचे, "हां. हाय." काय 'हाय' ते कधी सांगायचे नाहीत. तलाठ्याची कचेरी असो, सोयऱ्याचं नवं घर असो की माझं यवतचं कॅसेटचं दुकान, जय भीम नंतर, टाळी आधी.

तुमच्याही ओळखीत अशी एखादी खोड असलेला माणूस असेल. आपण त्याला कारण विचारत नाही, कारण ते आपल्याला ठाऊकच आहे असं आपण धरून चालतो. मीही धरून चाललो होतो. गाणारा माणूस आहे, खोलीचा आवाज तपासत असेल.

मामा वरवंडचे. साखर कारखान्यात मिलवर ड्युटी आणि उरलेल्या वेळात गाणं. जयंतीच्या दिवसांत आसपासच्या गावांतून त्यांच्या पार्टीला बोलावणं असायचं. गाणी ते स्वतःच रचत. मागे झील धरायला त्यांची थोरली बहीण, सगळ्या वस्तीची आक्का, आणि ढोलकीवर मी. मामा ऐकायचे समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून आणि बोलायचे मात्र इतक्या मोठ्यानं, की माझ्या कानात सांगितलेलं गुपित स्टँडवरच्या कंडक्टरलाही कळावं. जन्मभर मिलच्या धडधडीत काढलेला माणूस असाच बोलणार, असं म्हणून आम्ही हसून सोडून द्यायचो.

एका वर्षी गळीत हंगाम संपला आणि मामा दुकानात आले. टाळी झाली, 'हाय' झालं.

"शेठ, आपली कॅसेट काढायची," ते म्हणाले. दुकान टाकल्यापासून मी त्यांचा शेठ होतो, माझी उधारी कितीही असो.

"काढू की. फुडच्या साली निवांत काढू."

"न्हाई. औंदाच. आन् एक अट हाय. आक्काचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला पायजे."

ही अट कळायला त्यांचं गाणं पाहिलेलं असायला हवं. स्टेजवर दोघं बहीणभाऊ मांडी घालून खेटून बसत. आक्का मामांच्या गुडघ्यावर पंजानं ठेका देई. तिची थाप पडल्याशिवाय मामा तोंड उघडत नसत. पाहुण्यांना गंमत वाटायची, आम्हाला सवय होती.

आम्ही तिघं स्टुडिओ बघायला निघालो. मुलीसाठी स्थळं बघावीत तसे मामा स्टुडिओ बघत होते. पुण्यातला पहिलाच एकदम झकास निघाला. थंडगार खोली, काचेची केबिन, भिंतींनासुद्धा गालिचे. तिथला रेकॉर्डिस्ट मुलगा नम्रपणे म्हणाला, "काका, तुम्ही आत उभे राहा, हेडफोन लावा. ढोलकी नंतर वेगळी घेऊ. कोरसच्या मुली आमच्याकडे आहेत, आजींना त्रास नको."

मामांचं लक्षच नव्हतं. त्यांनी टाळी वाजवली. मान कलती केली. पुन्हा वाजवली, मग आणखी एकदा, जोरात. त्यांचा चेहरा असा उतरला, की मला वाटलं उन्हानं भोवळ आली. ते तडक बाहेर पडले. जिन्यात त्यांनी आणखी एक टाळी मारली. फरशीवरून ती खणखणत वरच्या मजल्यापर्यंत गेली. मामा कठड्याला धरून उभे राहिले आणि हसले.

"मुकी हाय ती खोली," ते म्हणाले. "चला."

काय कान आहे या माणसाचा, असं मी त्या जिन्यात उभा राहून आक्काला म्हणालो. आक्का मामांचा हात धरून जिना उतरू लागली.

शिरूरला एका कीबोर्डवाल्याकडे गेलो. त्यानं बटण दाबून ढोलकी वाजवून दाखवली. मामांनी माझ्याकडे बोट केलं. "मंग ह्याला कुठं ठिवू?" तिथला चहा मात्र फक्कड होता.

शेवटी दौंड. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका फोटोवाल्यानं दुकानामागे खोली केली होती. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवलेले, खाली सतरंजी.

"हितं मांडी घालून बसता येतंय का?" मामांनी विचारलं.

"दुसरं काय करणार मामा, खुर्च्याच न्हाईत."

मामांनी टाळी वाजवली. "हां. हाय."

मी विरोध केला. खिडकीमागेच रेल्वेलाइन, आणि दौंड म्हणजे गाड्यांचं माहेर. फोटोवाल्याकडे उत्तर तयार होतं. गाडी आली की तो हात वर करणार, आपण थांबायचं, गाडी गेली की गाणं पहिल्यापासून. त्याच्याकडे सगळे असंच गात.

पहिली गाणी दोन गाड्यांच्या मधे बरोबर बसली. मग मामांनी आपलं आवडतं घेतलं, आईनं त्यांना शाळेत नेऊन घातलं त्या दिवसाचं. डोळे मिटलेले, गुडघ्याला गुडघा. दुसऱ्या कडव्यात इंजिनानं लांबलचक शिट्टी मारली. ट्रे थरथरले. फोटोवाल्यानं हात वर केला, माझा हात थांबला.

मामा गात राहिले.

मी आक्काकडे पाहिलं. तिनं तो वर झालेला हात पाहिला होता. तिनं माझ्याकडे असे डोळे वटारले, की माझी बोटं आपोआप ढोलकीवर परत गेली. तिचा पंजा मामांच्या गुडघ्यावर एकदाही चुकला नाही. गाडी धडधडत निघून गेली आणि गाणं पुढं गेलं.

मामांनी डोळे उघडले. "झालं का बरं?"

फोटोवाला तोंड उघडणार तोच आक्का म्हणाली, "लई चांगलं झालं. परत न्हाई घ्यायचं."

"गाडी यायची व्हती न्हवं?"

"गेली की मघाशीच."

तेव्हा मला ती टाळी कळली. मामा खोली तपासत नव्हते. आज आपल्याला किती ऐकू येतंय, ते बघत होते. पुण्याच्या त्या गालिच्यांच्या खोलीत टाळीचा आवाज विरून गेला, तेव्हा त्यांना वाटलं असेल, संपलं. आणि 'औंदाच' का, तेही कळलं. ढोलकीची दोरी ओढायचं निमित्त करून मी मान खाली घातली.

कॅसेट बऱ्यापैकी खपली. लोक दुकानात येऊन 'ते गाडीचं गाणं लावा' म्हणायचे. शिट्टी आम्ही मुद्दाम घातली, असं त्यांना वाटायचं. मामा पुढं ठार बहिरे झाले. तरी दुकानात आले की टाळी वाजवत, 'हाय' मात्र म्हणत नसत. स्पीकरच्या खोक्यावर तळहात ठेवून हसत बसत.

मामा गेले त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आक्का दुकानात आली. बाकड्याच्या एका कडेला बसली. "लाव बाबा, गाडीचं."

कॅसेट लावता लावता मी विचारलं, "आक्का, तुमाला आधीपासनं ठावं व्हतं?"

"मला न्हाई तर कुणाला? तवा मी थांबले असते तर त्या परक्या मानसाम्होरं त्याची इज्जत गेली असती. आन् मला ठावं हाय, हे त्याला कळलं असतं. त्येच त्याला नको व्हतं."

दुसरं कडवं आलं. शिट्टी झाली. माझी ढोलकी अडखळली आणि पुन्हा सावरली. मी आक्काकडे पाहिलं. तिचा पंजा शेजारी, बाकड्याच्या मोकळ्या फळीवर, ठेका देत होता.