आयलीचं कोपऱ्यातलं बटण

सोमवारी सकाळी आयली पेलकोलाने पहिली ऑर्डर पाठवली आणि ती अर्धीच गेली. गिऱ्हाइकाचं नाव गेलं, पण पत्ता, किती गॅस टाकायचा नि कोणत्या दिवशी, हे सगळं कोरं. तिने चष्मा पुसून पुन्हा केलं. पुन्हा तेच! बाहेर कमरेइतका बर्फ, फोन थांबायचं नाव घेईना, घरं तापवायच्या गॅसच्या अख्ख्या काउंटीतल्या टाक्या तळाला गेलेल्या, आणि आयलीची बोटं ऐन वेळेला दगा देत होती.

बोटंच दगा देतायत, असं ती लगेच धरून चालली. कॉम्प्युटरवर संशय घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. कसं येईल? तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. एका नाताळात आईने वेलचीच्या पावात साखरेऐवजी मीठ घातलं, सगळे हसले, आणि पुढे तीन-चार वर्षांत आई आयलीलाच विचारायला लागली, “तू कोणाची गं?” तेव्हापासून ही धास्ती आयलीच्या मानेवर बसलेली. लेक मार्सी मागे लागली होती, एकदा डॉक्टरांना दाखवून घे म्हणून. आयलीने तिला उडवून लावलं होतं. “ऑफिसात माझी चूक झाली ना, की त्या दिवशी जाईन. तोवर डोकं खाऊ नकोस.”

हे बोलायला तिला सोपं होतं, कारण या गॅसच्या ऑफिसात आताचा साहेब रॉजर याच्या वडिलांनी तिला नोकरीला ठेवल्यापासून तिची चूक कोणी पाहिली नव्हती. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि पलीकडे मुख्य कचेरीतला तो जुनापुराणा मोठा कॉम्प्युटर. इकडे टाइप केलेलं तिकडे पोचवणारा एक प्रोग्रॅम होता, आणि शनिवारी मुख्य कचेरीने त्याची नवी आवृत्ती घातली होती. “काही फरक जाणवणार नाही,” असं वर कळवलंही होतं. धन्य आहे बाबा!

रॉजर केबिनमधून बाहेर आला. “आयली, अगं काय चाललंय? लेस्टर ट्रक सुरू करून बसलाय आणि त्याच्या हातात कोरी चिठ्ठी!”

“चुकीचं बटण दाबलं जातंय माझ्याकडून.”

“तुझ्याकडून?” रॉजर म्हणाला. आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. त्या बघण्याने आयलीला जेवण गेलं नाही.

मुख्य कचेरीच्या मदतीच्या फोनवर ब्रेंट नावाचा कोणी होता. “मॅडम, बंद करून चालू केलंत?”

“केलं.”

“कीबोर्डची वायर काढून परत लावलीत?”

“लावली. दुसरा कीबोर्डही लावून बघितला.”

“नवलच आहे. बाकी सगळीकडे तर व्यवस्थित चालतंय.”

“मग तू ये इकडे, नि भर लोकांच्या टाक्या!” म्हणून तिने फोन आपटला खरा, पण बाकी सगळीकडे चालतंय हे शब्द काही तिच्या डोक्यातून जाईनात. दिवसभर तिने एकेक ऑर्डर हाताने लिहून लेस्टरला दिली. घरी जाऊन कोट न काढताच ती खुर्चीत बसून राहिली.

मंगळवारी ब्रेंटने वेगळाच प्रश्न काढला. “मॅडम, ऑर्डर पाठवायला तुम्ही कोणतं बटण दाबता?”

आयलीने कीबोर्डकडे बघितलं. “मला माहीत नाही,” ती शेवटी म्हणाली.

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे नाही माहीत! बोटांना माहीत असतं.”

“बरं. मग डोळे मिटा आणि एक ऑर्डर भरा. शेवटी बोट कुठे जातंय ते सांगा.”

तिने डोळे मिटले. नाव, एंटर. पत्ता, एंटर. शेवटी करंगळी आपोआप उजव्या कोपऱ्यात गेली. “कंट्रोल. कोपऱ्यातलं.”

“आणि एंटर?”

“एंटरने पुढच्या रकान्यात जायचं. आणखी कशाला असतं?”

ब्रेंट मोठ्याने हसला. “अहो मॅडम, हे काल सांगायचंत ना! जुन्या यंत्रांची रीत आहे ही. तुमच्या बटणांची मांडणी कोणीतरी मुद्दाम तशी करून ठेवली होती. नव्या आवृत्तीने ती उचललीच नाही. आता एंटर दाबलं की सगळं तिथल्या तिथे निघून जातं.” त्याने जुनी मांडणी शोधून परत बसवली. आयलीने ऑर्डर भरली. गेली, पूर्ण गेली!

तिला रडू आलं. रॉजरने खिमा भरलेली, करंजीसारखी गरम पेस्टी तिच्यापुढे ठेवली. “मी म्हणतच होतो, कॉम्प्युटरच नालायक आहे.” म्हणत कसला होता! पण आयलीने तेही ऐकून घेतलं, इतकं तिला हलकं वाटत होतं.

पेस्टीचा पहिला घास तोंडात असतानाच फोन वाजला. तळ्यापलीकडचे म्हातारे वायनो लाहती.

“आयली, पोरी, माझी टाकी संपली गं. घर गारठलंय. सौनाच्या न्हाणीघरात लाकडं पेटवून बसलोय, कुत्र्यासकट.”

“अरे देवा! वायनोकाका, आत्ता पाठवते लेस्टरला. आमच्या कॉम्प्युटरने घोळ घातला हो. सोमवारी ज्यांनी ज्यांनी फोन केला त्यांचं...”

“सोमवारी कशाला? मी मागच्या बुधवारी केला होता. तूच म्हणालीस, शुक्रवारी येईल लेस्टर. चर्चच्या जेवणाला निघालो होतो बघ. वाटाण्याचं सूप माझ्यासाठीही आणा, म्हणालीस.”

सूप तिला आठवत होतं. गॅसचं काहीच आठवत नव्हतं.

तिने लेस्टरला ताबडतोब पिटाळलं. रॉजर दारात उभा राहून ऐकत होता. “तेही कॉम्प्युटरच्याच नावावर टाक की. कोण विचारतंय?”

“नाही रे. तो शनिवारी बदलला. हे बुधवारचं आहे.”

 आयलीने पेस्टी कागदात गुंडाळून बाजूला ठेवली आणि लेकीला फोन लावला.

“मार्सी, कामात आहेस का? ते तुझे डॉक्टर... त्यांच्याकडे माझं नाव घाल.”

 मग मार्सीने हळूच विचारलं, “आई, चूक झाली?”

“झाली,” आयली म्हणाली.