पुसलेला तारा

नातीला आणायला मी बालवाडीत जाते. सुटायच्या आधी बाई प्रत्येक मुलाच्या हातावर ताऱ्याचा शिक्का मारतात. मग तो हात कुणी ओला होऊ देत नाही. आमची ईरा तर अंघोळ करतानाही तो वर धरून बसते.

काल पाच वर्षांच्या सईने शिक्का मारून घेतला, हाताकडे पाहिलंही नाही आणि सरळ नळाखाली हात धुतला. तारा गेला.

"सई किती शहाणी! कशाचा हट्ट म्हणून नाही," बाई कौतुकाने म्हणाल्या.

"पूर्वी करायची," सईची आई हळूच म्हणाली.

एवढ्याशा मुलांनाही नैराश्य येतं, हे मला अलीकडेच कळलं. डॉक्टर सांगतात, काही छान मिळालं की मेंदूत जी खुशी उसळते, ती अशा मुलांत बऱ्याचदा मंदावलेली असते. रडकं मूल सगळ्यांना दिसतं. काहीच न मागणाऱ्याला आपण गुणी म्हणतो आणि निवांत होतो.

फाटकापाशी ईराचा तारा घामाने पुसला गेला आणि तिने भर रस्त्यात भोकाड पसरलं. मी दटावणार, तोच सईची आई म्हणाली,

"रडू द्या हो तिला, काकू."