दहा लाखांत न बसणारा तिसरा हिस्सा

बायान लेपासच्या कारखान्यात खोर स्यू गैकला उलट बोलायची हिंमत फार थोड्यांना होती. सतराव्या वर्षी सूक्ष्मदर्शकाखाली केसाएवढ्या तारा जोडायला बसलेली ही बाई चौपन्नाव्या वर्षी ठोका देणाऱ्या चिपांची तपासणी बघत होती. पदवी नव्हती, आणि पदवीवाल्यांना ते ती अधूनमधून ऐकवायची.

चिपमध्ये आकडे भरले, की स्फटिकाचा ठोका तेवढ्या पटीने बदलून हवी ती वारंवारता बाहेर पडते. पट बहुधा अपूर्णांकात असते, म्हणून अंश आणि छेद वेगवेगळे लिहावे लागतात. छेद दहा लाखच धरायचा, ही गैकची पद्धत. तिचा तक्ता भिंतीवर होता आणि बारा वर्षं सगळे त्यातूनच आकडे उतरवून घेत.

अशात एका रेडिओ केंद्राने या चिपा बसवलेल्या चाळीस पेट्या परत पाठवल्या. दर आठ तासांनी आवाजात एक 'टक्' येते म्हणे. त्या पेट्यांचे आकडे भरले होते नव्या इंजिनिअर पोरीने, नद्राने. नोकरीला अजून सहा महिनेही पुरे झाले नव्हते.

"वायरी बदलल्या, पेट्या बदलल्या. उरलं कोण?" मॅनेजर ऊई सगळ्यांसमोर म्हणाले. "शुक्रवारी तुझी उमेदवारीची मुदत संपते, नद्रा. कायम करायच्या कागदावर मी सही करणार नाही."

कॅन्टीनमध्ये नद्राने नासी लमाकची, नारळाच्या दुधातल्या भाताची पुडी सोडलीसुद्धा नाही. "गैक आंटी, मी तुमच्या तक्त्यातलेच आकडे भरले होते."

"मग बरोबरच असणार. जेव आधी, उपाशी राहून आकडे बदलत नाहीत."

तक्ता बरोबर आहे हे ऊईंच्या नाकावर टिच्चून दाखवायलाच गैक कागद घेऊन बसली. हव्या वारंवारतेला स्फटिकाच्या ठोक्याने भागत गेली. दशांशाच्या सहाव्या घरानंतर तीन आला, पुन्हा तीन, पुन्हा तीन. संपेचना. तिचे कान तापले. दहा लाखांचे तीन सारखे भाग होत नाहीत, हे शाळकरी पोरालाही कळतं! पूर्वीचे स्फटिक पंचवीस मेगाहर्ट्झचे, त्यांचा हिशेब दहा लाखांत चोख बसायचा. आता सत्तावीसचे आले होते, त्यांच्या भागाकारात तिसरा हिस्सा उरायचा, आणि तिने जुनाच छेद ठेवून दिला होता. सुटलेला कणभर फरक साठत जायचा आणि आठ तासांनी टक् व्हायची.

पाच हजार सहाशे पंचवीस छेद घेतला, अंश चार हजार दोनशे अठ्ठ्याहत्तर. बाकी शून्य.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिने परत आलेल्या एका पेटीत नवे आकडे भरले आणि कानाला हेडफोन लावून बसली. नद्रा दोनदा काळी कॉफी ठेवून गेली. संध्याकाळचे पाच वाजले, टक् आली नाही. गुपचूप आकडे बदलून मोकळं होता आलं असतं, हे गैकला कळत होतं. ती नद्राला घेऊन थेट ऊईंच्या केबिनमध्ये शिरली.

"सापडलं, बॉस."

"काय केलं होतं हिने?"

"हिने नाही, मी. तक्ता चुकलाय."

"गैक, पोरीला उगाच पाठीशी घालू नकोस."

"पाठीशी घालायला मी काय तिची आई आहे? तक्त्याखाली सही कुणाची आहे, जाऊन बघा!"

"बरं, तुझी चूक. पण ही इंजिनिअर ना? हिने तपासायला नको होतं?"

गैकला खरोखर लाज वाटली. "पहिल्याच दिवशी मीच तिला सांगितलं होतं, माझा तक्ता तपासायचा नाही म्हणून."

ऊईंनी खणातून नद्राचा कागद काढून सही केली.

बाहेर येऊन गैकने भिंतीवरचा तक्ता उतरवला आणि नद्रापुढे टाकला. "तपास. सगळा. माझ्यासमोर."

नद्रा पेन्सिल घेऊन बसली. बऱ्याच वेळाने तिने हळूच मान वर केली.

"आंटी... खालची ओळपण चुकली आहे."

गैकला राग आला. चांगलाच आला. तिने ओळ दोनदा ताडून पाहिली, मग पेन काढून पोरीच्या हातात दिलं.

"कर दुरुस्त. आणि खाली सही तुझी कर."